बक्षीस द्या, बिलासकट

ऑलिंपिकचं पदक खराब निघालं तर ते बदलून मिळतं. गावच्या हळदीकुंकवात जिंकलेला मिक्सर खराब निघाला, तर जिंकणारीलाच गप्प बसवलं जातं. दोन्ही ठिकाणी स्पर्धाच होती, दोन्ही ठिकाणी कुणीतरी जिंकलंच होतं. मग एकाची तक्रार हक्काची आणि दुसरीची हावरटपणाची कशी?

पॅरिसचं उदाहरण पाहा. 2024 च्या उन्हाळ्यात तिथे ऑलिंपिक झालं. पदकं पॅरिसच्या सरकारी टांकसाळीत घडवली होती. प्रत्येक पदकाच्या मध्यभागी आयफेल टॉवरच्या जुन्या लोखंडाचा 18 ग्रॅमचा षटकोनी तुकडा बसवलेला होता. दिसायला देखणं काम. पण आठ-पंधरा दिवसांतच अमेरिकेचा स्केटबोर्डपटू नायजा ह्युस्टन याने आपल्या कांस्यपदकाचा फोटो जगाला दाखवला. घाम लागून, चार मित्रांच्या गळ्यात पडून त्याचा मुलामा उडाला होता. मग आणखी खेळाडू बोलू लागले. जानेवारी 2025 मध्ये बातम्या आल्या, की शंभरावर पदकं परत आली आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जाहीर केलं, की खराब झालेली पदकं टांकसाळ बदलून देईल आणि नव्या पदकावर मूळ पदकासारखंच कोरीव काम असेल. त्याआधी रिओच्या 2016 च्या ऑलिंपिकनंतरही तेच झालं होतं. 130 हून जास्त पदकं गंज चढून किंवा वर्ख उडून परत आली होती.

त्याच पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्टला नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक प्रकारात जिंकलेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. बहात्तर वर्षांनी घरात आलेल्या अशा पदकाचा मुलामा उडाला असता, तर तुम्हीआम्ही स्वप्नीलला काय सांगितलं असतं? ‘जाऊ दे रे, मिळालं हेच खूप झालं’? एकानेही असं म्हटलं नसतं. आख्खा महाराष्ट्र पदक बदलून द्या म्हणून उभा राहिला असता.

आता आमच्याकडे या. रायगडातल्या कर्जतहून कोंडाण्याच्या रस्त्याला लागलात, की उजवी-डावीकडे भातखाचरं आणि समोर राजमाचीचा डोंगर. आमच्याकडे भाताचं पीक एकच. कापणी-झोडणी उरकली की खाचरं मोकळी होतात. मग बांध सपाट करून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदानं तयार होतात. पौषापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत कर्जत आणि खालापूर तालुक्यांत स्पर्धांची रांग लागते. रात्रीची कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, बैलगाडा शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला, तेव्हापासून शर्यतींनाही पुन्हा जोर आला आहे. संक्रांत ते रथसप्तमी बायकांचं हळदीकुंकू, त्यात उखाणे, संगीत खुर्ची, पैठणीचा खेळ. नवरात्रात आणि गणपतीत आणखी वेगळं.

या सगळ्यात बक्षिसं बदलली आहेत. आमच्या लहानपणी चषक आणि शंभराची नोट असायची. आता उत्कृष्ट चढाईला सायकल, उत्कृष्ट पकडीला कूलर, मालिकावीराला टीव्ही किंवा फ्रीज, बायकांना मिक्सर, कुकर, शेगडी. व्यासपीठावर खोक्यांची रास लागते. मागे फ्लेक्सवर देणगीदाराचा हसरा चेहरा. खोकं हातात, फोटो काढला, टाळ्या झाल्या. खोक्यात काय आहे, चालतं का, नाही चाललं तर कुणाकडे जायचं, हे सांगायला माईकवर एक मिनिट मिळत नाही.

आमच्या शेजारच्या वहिनी गेल्या संक्रांतीत संगीत खुर्चीत पहिल्या आल्या. मिक्सर मिळाला. पहिले काही दिवस बरा चालला. मग एका सकाळी ओल्या नारळाचं वाटण करताना मध्येच बसला आणि जळका वास आला. वहिनींनी तो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि रिक्षाने कर्जत गाठलं. मीही बाजाराला निघालो होतो, म्हणून बरोबर होतो.

दुकानातल्या मेकॅनिकने मिक्सर उलटा केला. खाली लाल बटण असतं, जास्त भार आला की मिक्सर त्या बटणावर बंद पडतो. ते दाबून पाहिलं. काही नाही. मग त्याने चिकटपट्टीवरचा सीरियल नंबर आणि उत्पादनाचा महिना वाचला, मोटरजवळ नाक नेलं आणि म्हणाला, “वाइंडिंग गेलंय वहिनी. पण वॉरंटीत असणार. बिल आहे का?”

“बिल कुठलं? बक्षीस आहे ते.”

“बक्षिसाचं पण कुणीतरी बिल फाडलंच असेल ना?”

त्या मेकॅनिकने एका वाक्यात मुद्द्यावर बोट ठेवलं. वस्तू आकाशातून पडत नाही. ती कुणीतरी, कुठल्यातरी दुकानातून, कुठल्यातरी तारखेला विकत घेतलेली असते. वॉरंटी त्या तारखेला सुरू होते. व्यासपीठावर फोटो काढला त्या दिवशी नव्हे. मंडळाने दिवाळीच्या सेलमध्ये घेऊन संक्रांतीला वाटलं, तर वॉरंटीचे तीन महिने गोणपाटाखालीच संपलेले असतात.

वहिनी मंडळाकडे गेल्या. तिथे त्यांना पहिलं उत्तर मिळालं ते हे: “फुकट तर मिळालाय. आता त्याचं पण बिल?” दुसऱ्याने म्हण टाकली. धर्माची गाय आणि दात का नाय.

या म्हणीचा मला राग येतो. म्हण खोटी नाही. ती चुकीच्या ठिकाणी वापरली जाते, म्हणून राग येतो. दान घेणाऱ्याने दात मोजू नयेत, हे ठीक. पण वहिनींनी दान घेतलं नव्हतं. त्या जिंकल्या होत्या. बहुतेक स्पर्धांना प्रवेश फी असते. कबड्डीचा संघ फी भरतो, टेम्पोचं भाडं भरतो, रात्रभर गुडघे फोडून घेतो. हळदीकुंकवाला फी नसली, तरी तिथे गर्दी जमते ती या खेळांसाठीच, आणि त्या गर्दीसमोर देणगीदाराचा फ्लेक्स लागतो. देणगीदाराला नाव मिळालं, मंडळाला गर्दी मिळाली. जिंकणाऱ्याने आपला घाम दिला. या व्यवहारात धर्म कुठे आला? बक्षीस हा केलेल्या कष्टाचा ठरलेला मोबदला आहे. तो कमअस्सल दिला, तर दिलेला शब्द मोडला.

शब्द मोडल्याची तक्रार मोठमोठ्यांनाही करावी लागली आहे. एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने किताब जिंकला. कुस्तीतला राज्यातला सगळ्यात मानाचा किताब. आणि नंतर त्याने जाहीरपणे सांगितलं, की गदा मिळाली, रोख रक्कम काही मिळाली नाही. तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, अनेकांनी त्याला मदत जाहीर केली. तो बोलला म्हणून हे झालं. त्याच्या बोलण्याला कुणी हावरटपणा म्हटलं नाही. मग आमच्या वाडीतल्या चढाईपटूने सायकलचं चाक वाकडं आहे असं म्हटलं, की लोक नाक का मुरडतात?

महाराष्ट्र केसरीचंच पुढचं पाहा. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात शिवराज राक्षेने किताब जिंकला, त्याला चांदीच्या गदेबरोबर थार गाडी मिळाली. बैलगाडा शर्यतींमध्ये ट्रॅक्टर, दुचाकी, बोलेरो लावल्या जातात. या बक्षिसांबद्दल ‘बिघडली, आता कुठे जायचं’ अशी ओरड त्यामानाने कमी. याचं कारण साधं आहे. गाडीला कागद लागतातच. शोरूमने नमुना 21 मध्ये विक्रीचा दाखला दिल्याशिवाय नोंदणी होत नाही. तो दाखला थेट विजेत्याच्या नावे घेतला, तर विजेताच पहिला मालक. आयोजकाच्या नावावर गाडी आधी चढली असेल, तर नमुना 29 आणि 30 भरून ती विजेत्याच्या नावावर करावी लागते आणि विमाही त्याच्या नावे करून घ्यावा लागतो. चासी नंबर टाकला, की कंपनीच्या संगणकावर गाडीची सगळी कुंडली दिसते. म्हणजे जिथे कायदा कागद मागतो, तिथे बक्षीस दुरुस्त होतं. जिथे कागद मागणारं कुणी नाही, तिथे विजेता एकटा पडतो. मिक्सर, फ्रीज, टीव्ही, कूलर यांच्या बाबतीत कागद मागणारे आपणच व्हायचं आहे.

गाडी सोडतीत लागली असेल तर आणखी एक कागद. लॉटरी-सोडतीच्या मोठ्या बक्षिसावर 30 टक्के दराने कर कापायचा नियम आहे. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर कर भरल्याची खातरजमा करूनच आयोजकाने ती विजेत्याच्या हाती द्यायची असते. हे आधी सांगा. किल्ली हातात दिल्यावर आणि ढोल वाजल्यावर करभरणीचा विषय काढणं ही विजेत्याची फसवणूक आहे.

आता कायद्याचं. अनेकांची समजूत अशी, की ज्याने पैसे मोजले तोच ग्राहक, आणि बक्षीस घेणाऱ्याने पैसे मोजलेले नाहीत, म्हणून त्याला काही अधिकार नाही. ही समजूत चुकीची आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 साली झाला, 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत विकत घेणारा तर ग्राहक आहेच, पण विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहक आहे. ही तरतूद जुन्या 1986 च्या कायद्यातही होती. मंडळाने मिक्सर विकत घेतला आणि सगळ्या गावासमोर वहिनींच्या हातात दिला. याहून स्पष्ट संमती कोणती हवी? म्हणजे मिक्सर सदोष निघाला, तर दुकानदाराला आणि कंपनीला जाब विचारायचा पाया वहिनींकडे आहे.

याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. द्यायचा इरादाच नसताना भेटवस्तू किंवा बक्षिसाची जाहिरात करणं, विक्री वाढवण्यासाठी योजना काढून तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं, हे त्यात येतं. दुकानदाराने बिल न देणं, हेही त्यात येतं. सदोष माल परत घ्यायला नकार देणं, तेही त्यात येतं. म्हणजे ‘कच्चं बिल घ्या, तेवढंच स्वस्त पडेल’ असं म्हणणारा दुकानदार आणि त्याला मान डोलावणारे खजिनदार, दोघं मिळून विजेत्याच्या वॉरंटीवर पाणी सोडतात. स्वस्त मंडळाला पडलं, महाग वहिनींना.

जिल्हा ग्राहक आयोगाला अधिकार आहेत ते असे: दोष दूर करून द्या, तशीच निर्दोष नवी वस्तू द्या, पैसे परत करा, भरपाई द्या, असे आदेश तो काढू शकतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. वकील लावलाच पाहिजे असं नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. रायगडचा आयोग अलिबागला आहे. कोंडाण्याहून अलिबाग म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडला, रोजंदारी बुडाली. म्हणून हे लक्षात ठेवा: तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून घ्यावी अशी विनंती करता येते. त्याही आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. पुष्कळ तक्रारी आयोगापर्यंत जायच्या आधी तिथेच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीकडे पोचते.

ग्राहक चळवळ आपल्या राज्यात फार आधी रुजली, हेही विसरू नका. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून काम करते आहे. ज्या मातीत ही चळवळ रुजली, तिथे बिल मागणाऱ्या बाईला हावरट ठरवणं शोभत नाही.

वहिनींचं पुढे काय झालं ते सांगतो. मंडळाच्या खजिनदारांनी शेवटी फाइल उघडली. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, हिशेब द्यावा लागतो, म्हणून बिल जपून ठेवलेलं होतं. बिल मंडळाच्या नावाचं, त्यावर फक्त ‘मिक्सर, 6 नग’. सीरियल नंबर एकाचाही नाही. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, की बिलाची झेरॉक्स आणि ‘हा मिक्सर अमुक स्पर्धेत बक्षीस म्हणून अमुक व्यक्तीला दिला’ अशा दोन ओळी मंडळाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह द्या. दिल्या. तक्रार क्रमांक मिळाला, मोटर बदलून आली, एक पैसा लागला नाही.

दोन ओळींचं काम. ते बक्षीस देतानाच केलं असतं, तर वहिनींच्या खेपा, रिक्षाचं भाडं आणि ऐकून घेतलेले टोमणे वाचले असते. वहिनी शिकलेल्या आहेत, बोलक्या आहेत, पुन्हा पुन्हा विचारायला कचरल्या नाहीत. पण डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीतला किंवा कातकरी पाड्यावरचा पोरगा उत्कृष्ट चढाईचा फ्रीज जिंकतो, तेव्हा? अशा कितीतरी घरांत ती पहिलीच मोठी विजेची वस्तू असते. फ्रीज टेम्पोत आडवा टाकून येतो, वाडीच्या खालून चार जण खांद्यावर घेऊन चढतात, घरात ठेवताक्षणी सगळी हौसेने प्लग लावतात. आडव्या प्रवासात कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरलेलं असतं. उभा करून काही तास थांबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फ्रीज बंद पडतो. सर्व्हिस सेंटरचा नंबर नाही, बिल नाही, मंडळाचा कार्यकर्ता फोन उचलत नाही. मग त्या फ्रीजचं कपाट होतं. आत कपडे आणि शाळेची पुस्तकं ठेवली जातात. मी असे फ्रीज पाहिले आहेत. पोरगा मैदानात जिंकला आणि घरी आल्यावर आपण त्याला हरवलं.

कुकरची गोष्ट तर जिवाशी आहे. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणं 2021 पासून सक्तीचं आहे. चिन्ह नसलेले कुकर विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनाही दंड ठोठावला. तरीही घाऊक बाजारात बिनचिन्हाचा स्वस्त माल मिळतो आणि बक्षिसांसाठी नग मोजून उचलला जातो. वाफ कोंडली आणि सेफ्टी व्हॉल्व्हने दगा दिला, तर स्वयंपाकघरात उभी असलेली बाई भाजते. तुमच्या मंडळाचं नाव छापलेलं खोकं त्या घरात असेल. बायकांच्या कार्यक्रमात बिनचिन्हाचा कुकर वाटण्यापेक्षा स्टीलचं पातेलं वाटा. ते कुणाला भाजणार नाही.

कोंडाण्याची लेणी गावापासून वर चढून गेलात की लागतात. उल्हास नदीच्या खोऱ्यात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका यक्षमूर्तीचा तुकडा उरला आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. ज्याने काम केलं त्याने स्वतःचं आणि गुरूचं नाव दगडात घातलं. चांगलं-वाईट जे काही आहे, ते माझं आहे, हे त्याने ठणकावून सांगितलं. ज्या गावाच्या डोंगरात हे लिहिलेलं आहे, त्या परिसरातल्या मंडळांनी बक्षीस देताना नाव, तारीख आणि सही मागे ठेवायला का लाजावं?

करायचं तरी किती? वस्तू पक्क्या बिलावर घ्या. दुकानदाराला प्रत्येक नगाचा सीरियल नंबर बिलावर लिहायला सांगा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोकं उघडा, वस्तू लावून पाहा, टीव्हीचा पडदा फुटलेला नाही ना ते बघा, कारण पडून-आपटून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. सायकलचे नट आवळून घ्या. खोकं पुन्हा नीट बंद करा. बिलाची झेरॉक्स, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि लेटरहेडवरच्या त्या दोन ओळी एका पाकिटात घालून खोक्याला चिकटवा. पाकिटावर मंडळाच्या एका माणसाचा फोन नंबर लिहा आणि त्या माणसाने तो उचलावा. देणगीदाराने वस्तू परस्पर दिली असेल, तर बिल त्याच्याकडून मागून घ्या. ज्याला फ्लेक्सवर नाव हवं, त्याने बिलावरही नाव द्यावं. खरेदी आणि स्पर्धा यांत फार अंतर ठेवू नका, म्हणजे वॉरंटीचा बहुतेक काळ विजेत्याच्या घरी जाईल.

जिंकणाऱ्यांनीही थोडं जागं राहावं. व्यासपीठावरून उतरल्याबरोबर पाकीट मागा. नसेल तर तिथेच विचारा, माईक चालू असताना विचारा. खोकं फेकू नका, त्यावरच्या चिकटपट्टीत अर्धी माहिती असते. सीरियल नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वस्तू बिघडली तर गल्लीतल्या मेकॅनिककडून उघडून घेण्याआधी कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवा, कारण सील तुटलं की कंपनी हात वर करते. आणि मंडळाकडे जाताना मान खाली घालून जाऊ नका. तुम्ही काही मागायला आलेले नाहीत. जिंकलेलं घ्यायला आलेले आहात.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या हंगामाच्या बैठकीत एक ठराव करा, की बिलाशिवाय एकही वस्तू व्यासपीठावर चढणार नाही. पावतीपुस्तक छापता, फ्लेक्स छापता, तसं हे पाकीटही छापा. ज्या मंडळाला हे जमणार नसेल, त्याने वस्तूंचा सोस सोडावा आणि बक्षीस रोख द्यावं.